दारात कोणी उभे नसलेले काम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या अंकात तरुण प्राध्यापकांवरील ताणाविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. लेखकाने पोटतिडकीने लिहिले आहे आणि त्यांनी दिलेला सल्लाही चुकीचा नाही : वेळेचे नियोजन करा, पुरेशी झोप घ्या, मोबाइल दूर ठेवा, कामांचा क्रम लावा. तरीही लेख संपल्यावर मला स्वस्थ बसवेना. संशोधन आणि अध्यापनाच्या क्षेत्रात नुकत्याच आलेल्या, टेन्युअरची म्हणजे कायमपदाची वाट पाहणाऱ्या माणसाचे खरे दुखणे या सल्ल्याच्या टप्प्यात येतच नाही, असे मला वाटते. मी स्वतः या वाटेने गेले आहे, वाटेत एकदा चांगलीच घसरले आहे आणि आता गेली काही वर्षे इतरांच्या कायमपदाच्या फायली तपासणाऱ्या समितीत बसते आहे. दोन्ही बाजूंनी जे दिसले ते आपल्या वाचकांपुढे मांडावे, म्हणून हे काहीसे लांबलेले पत्र.

ज्यांचा मुख्यतः अमेरिकेतील विद्यापीठांत रूढ असलेल्या या व्यवस्थेशी कधी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी ती आधी थोडक्यात सांगते. पीएच.डी. आणि त्यानंतरची काही वर्षे मुदतीच्या संशोधनपदांवर काढल्यावर ज्याला सहायक प्राध्यापकाची ‘टेन्युअर ट्रॅक’वरील जागा मिळते, त्याची नेमणूक पहिल्या दिवसापासून सशर्त असते. साधारण सहाव्या वर्षी त्याच्या सगळ्या कामाची फाइल तयार होते, त्याचे निवडक शोधनिबंध बाहेरच्या विद्यापीठांतील जाणकारांकडे पाठवून त्यांची मते मागवली जातात आणि मग विभाग, महाविद्यालय, विद्यापीठ अशा पायऱ्या चढत ती फाइल वर जाते. होकार आला तर नोकरीची शाश्वती मिळते. नकार आला तर बहुतेक ठिकाणी एक शेवटचे वर्ष मिळते आणि मग निरोप. आहे त्याच पदावर राहून पुन्हा प्रयत्न करण्याची सोय सहसा नसते.

ही मुदत मुळात प्राध्यापकाच्या संरक्षणासाठी आली, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नसते. अमेरिकेत १९१५ मध्ये विद्यापीठीय प्राध्यापकांची जी संघटना स्थापन झाली, तिने महाविद्यालयांच्या संघटनेबरोबर १९४० मध्ये एक संयुक्त निवेदन मान्य केले. उमेदवारीचा काळ सात वर्षांपेक्षा जास्त असू नये, असे त्यात म्हटले होते. संस्थेने माणसाला वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवू नये, ठरावीक वर्षांत काय तो निकाल द्यावा, असा त्यामागचा विचार होता. संस्थेला घातलेली ती मर्यादा आज उमेदवाराच्या कानाशी टिकटिकते. इतर देशांतही मुदतीची ही धास्ती निराळ्या नावांनी आहेच. ब्रिटनमध्ये १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने नव्या नेमणुकांना असलेले जुन्या धर्तीचे संरक्षण काढून घेतले. जर्मनीत २००७ च्या कायद्याने मुदतीच्या करारावर काम करण्याला साधारणपणे पीएच.डी.पूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षांची मर्यादा घातली. हा कायदा समजावून सांगण्यासाठी तिथल्या मंत्रालयाने ‘हान्ना’ नावाच्या एका काल्पनिक संशोधिकेची चित्रफीत काढली होती. २०२१ मध्ये ती लोकांच्या नजरेस आली, तेव्हा असंख्य तरुण संशोधकांनी ‘मी हान्ना’ असे लिहून आपापली कैफियत मांडली. अमेरिकेतल्या त्याच प्राध्यापक संघटनेच्या आकडेवारीनुसार १९८७ मध्ये तेथील सुमारे ४७ टक्के अध्यापक कायमपदाच्या वाटेबाहेर, कंत्राटी स्वरूपाच्या नेमणुकांवर होते, आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण ६८ टक्क्यांवर गेले. ज्यांना ती वाट मिळते त्यांच्या मनावर ‘ही संधी गेली तर दुसरी नाही’ हे ओझे का असते, ते यावरून समजावे.

आता मूळ मुद्दा. माझा विषय सांख्यिकी. अपूर्ण नोंदींवरून अंदाज कसे बांधावेत, यावर मी काम करते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षातील एका सत्राची माझी वही अजून माझ्याकडे आहे. संध्याकाळी निघण्यापूर्वी दिवसभरात काय झाले ते मी तिच्यात चार ओळींत लिहून ठेवत असे. एका मंगळवारची नोंद अशी आहे : सकाळच्या तासाची तयारी, तास, तासानंतर पाच विद्यार्थी, त्यांतल्या एकाचे शिफारसपत्र, अभ्यासक्रम समितीची बैठक, बैठकीचे इतिवृत्त, उद्याच्या तासाच्या स्लाइड, एका जर्नलसाठी दुसऱ्या कोणाच्या तरी निबंधाचे परीक्षण. आणि सर्वांत शेवटी : ‘निबंध : विभाग ३ उघडला.’ निबंधाचा तिसरा भाग नुसता उघडला, एवढेच. पाने मागेपुढे चाळली, तर हा ‘विभाग ३’ अकरा आठवडे भेटत राहतो. ‘विभाग ३ पाहिला.’ ‘विभाग ३, दोन वाक्ये.’ ‘विभाग ३ पुन्हा वाचला.’ एका पानावर नुसतेच ‘३?’ आहे.

त्या अकरा आठवड्यांत मी आळस केला, असे कोणी म्हणू शकणार नाही. मी मान मोडून काम करत होते आणि वेळेचे नियोजनही करत होते. माझ्या भिंतीवरचा तक्ता पाहून शेजारच्या खोलीतील सहकारी थट्टा करीत. घोटाळा वेगळाच होता, आणि तो लक्षात यायला मला फार उशीर झाला. वहीतल्या त्या यादीतील प्रत्येक कामाला एक चेहरा होता. तासाला साठ विद्यार्थी समोर बसणार होते, शिफारसपत्राची अंतिम तारीख त्या मुलाच्या डोळ्यांत दिसत होती, समितीचा सचिव दर दोन दिवसांनी आठवण करत होता. निबंधाची वाट मात्र कोणीही पाहत नव्हते. तो आज झाला नाही म्हणून कोणाचे अडत नव्हते, उद्या झाला नाही तरी कोणी दारात येऊन उभे राहणार नव्हते. आणि सहाव्या वर्षी जी फाइल उघडली जाते, तिच्यात मुख्यतः मोजले जाते ते नेमके हेच काम. वेळ कमी पडतो हे खरेच, पण तो कमी पडला की कोणते काम बाजूला सरते, हे दारात कोण उभे आहे यावरून ठरते. नव्या प्राध्यापकाचे लक्ष विचलित होते असे आपण म्हणतो, तेव्हा तो काही टाइमपास करत नसतो. तो चांगलीच कामे करत असतो, फक्त ज्याचा तगादा मोठा त्याचे काम आधी करतो.

रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञांनी नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांचा बरीच वर्षे पाठपुरावा करून जे नोंदवले, ते मी नंतर वाचले आणि आरशात पाहिल्यासारखे वाटले. ही मंडळी व्याख्यानांची गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयारी करतात, लेखनासाठी सलग मोकळा वेळ मिळेल तेव्हा बसू असे म्हणत राहतात, आणि तो वेळ कधी येत नाही. याउलट जे रोज थोडे थोडे, ठरावीक वेळी लिहितात, त्यांच्या हातून एकूण लिखाण जास्त होते. मी पन्नास मिनिटांच्या एका तासासाठी नऊ तास खर्च केल्याची नोंद वहीत आहे. त्या तासाला मुलांनी विचारलेले दोन्ही प्रश्न पहिल्या दहा मिनिटांतल्या भागावरचे होते. पुढच्या चाळीस मिनिटांत मी जे काही दिव्य ज्ञान ओतले, ते कोणापर्यंत पोहोचले ते देवच जाणे.

तिसऱ्या वर्षी मधल्या टप्प्याचा आढावा झाला. बहुतेक ठिकाणी तो असतो आणि असावाच. विभागाकडून आलेल्या पत्रात तीन विशेषणे होती : अध्यापन उत्तम, विभागासाठीचे योगदान उल्लेखनीय, संशोधनाची गती चिंताजनक. खाली ज्यांची सही होती, त्यांनीच मला पहिल्या दोन वर्षांत तीन समित्यांवर घेतले होते, आणि दर वेळी ‘तुमच्यासारखे नीट काम करणारे दुसरे कोण आहे?’ असे म्हणून घेतले होते. तेव्हा ती वाक्ये मला कौतुकाची वाटली होती. त्या दिवशी घरी जाऊन मी खूप रडले, आणि दुसऱ्या दिवशी आठची वेळ असलेल्या तासाला सात वाजताच हजर होते, कारण तासाला कोणीतरी वाट पाहत होते. हा विनोद मला कळायला आणखी महिनाभर लागला.

मग मी काय केले, ते सांगते. ते सर्वांना लागू पडेल असा माझा दावा नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याचे दिवस निराळे, दस्तऐवज धुंडाळणाऱ्या इतिहासकाराचे निराळे. पण पहिली गोष्ट बहुधा सर्वांनाच करावी लागेल, आणि ती म्हणजे उलटी मोजणी. कागदावर सहा वर्षे दिसतात, ती सहा नसतात. फाइल सहाव्या वर्षाच्या सुरुवातीलाच बाहेरच्या तज्ज्ञांकडे जाते, म्हणजे हातात राहिली पाच. पहिले वर्ष नवे अभ्यासक्रम, नवे घर, अनुदानाचे पहिले अर्ज यांत जाते. राहिली चार. जर्नलकडे पाठवलेल्या निबंधावरील पहिले अभिप्राय यायला कित्येक महिने लागतात, गणित आणि अर्थशास्त्रासारख्या विषयांत प्रकाशनापर्यंत दोन-तीन वर्षे गेली तरी कोणाला नवल वाटत नाही. शिवाय पहिल्या जर्नलने नकार दिला तर तीच फेरी पुन्हा. म्हणजे फाइलमध्ये मोजला जावा असे वाटणारा निबंध चौथ्या वर्षापर्यंत हातातून सुटलाच पाहिजे. हा हिशेब मी तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, एका जुन्या पाकिटाच्या मागे केला. आकडेमोड हा माझा धंदा असूनही तो मला पहिल्या दिवशी सुचला नव्हता.

दुसरी गोष्ट सकाळची. रोज पहिला दीड तास दार बंद, ईमेल बंद, आणि समोर फक्त निबंध. सुरुवातीला मला हा वेळ चोरल्यासारखा वाटे. बाहेर कोणी दार वाजवून परत गेले की छातीत धस्स होई. आठवडाभराने ज्याने दार वाजवले होते तो अकरा वाजता आला आणि त्याचे काम पाच मिनिटांत झाले. माझ्या लक्षात आले की दारात उभी राहणारी माणसे थोडी थांबू शकतात, आपणच त्यांना थांबवण्याचे धैर्य करत नाही. वेळ संपला की दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचे, ते मी एका चिठ्ठीवर लिहून संगणकाच्या पडद्याला चिकटवत असे : ‘आकृती २ मधली रेघ शेवटी का वाकते ते आधी सांग.’ एवढ्याने दुसऱ्या दिवशीची पहिली वीस मिनिटे वाचतात, आणि दीड तासात वीस मिनिटे म्हणजे थोडीथोडकी नव्हेत. व्याख्यानाच्या तयारीवर दोन तासांची मर्यादा घातली. त्या सत्रातील विद्यार्थ्यांचे अभिप्राय आधीच्या सत्राइतकेच चांगले आले, हे येथे मुद्दाम नोंदवते. ‘विभाग ३’ सव्वीस दिवसांत पूर्ण झाला.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड : नाही म्हणणे. आपल्याकडे भिडस्तपणा हा गुण मानतात, पण ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हणही आपलीच आहे. येथे थोडे थांबते, कारण हा केवळ स्वभावाचा प्रश्न नाही. लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकारी संशोधिकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या कामांचा बढतीला उपयोग नसतो अशी कामे कोणाच्या वाट्याला येतात हे तपासले होते. ती करण्याची विनंती स्त्रियांना अधिक वेळा केली जाते आणि स्त्रिया त्या विनंतीला अधिक वेळा होकार देतात, असे त्यांना आढळले. यात मला महत्त्वाचा वाटला तो पहिला भाग. नुसते ‘नाही म्हणायला शिका’ असे सांगून भागत नाही. विचारणाऱ्यांनीही कोणाला विचारतो आहोत याची यादी एकदा डोळ्यांसमोर धरली पाहिजे. मी स्वतःपुरती एक युक्ती शोधली होती : कोणत्याही विनंतीला त्याच क्षणी उत्तर द्यायचे नाही, दोन दिवस मागायचे, आणि काम विभागप्रमुखांकडूनच आलेले असेल तर त्यांनाच विचारायचे की हे घेतले तर हातातल्या तिन्हींपैकी कोणते सोडू. पहिल्यांदा हा प्रश्न विचारला तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ‘बघू’ म्हणाले. ते काम पुन्हा माझ्याकडे आले नाही.

आकड्यांविषयी न लिहिता पुढे जाणे सांख्यिकीच्या माणसाला शोभणार नाही. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये संशोधकाचे काम मोजणारा ‘एच-इंडेक्स’ हा निर्देशांक सुचवला. ज्याच्या एकवीस निबंधांचा प्रत्येकी किमान एकवीस इतर निबंधांत संदर्भ दिला गेला आहे, त्याचा निर्देशांक एकवीस, इतकी साधी कल्पना. आपल्या विषयात साधारण बाराच्या आसपासचा निर्देशांक मोठ्या विद्यापीठात कायमपदासाठी पुरेसा मानता येईल, असेही त्याने त्याच निबंधात सुचवले होते. भौतिकशास्त्रापुरता केलेला हा ढोबळ अंदाज पुढे सगळीकडे पट्टीसारखा वापरला जाऊ लागला. जर्नलचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे त्यातल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा, एकेका माणसाला किंवा एकेका निबंधाला लावू नये, असे संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे आणि अनेक संस्थांनी त्यावर सह्याही केल्या आहेत. तरी तरुण सहकारी सकाळी उठून आधी आपला निर्देशांक पाहतात, हे मला माहीत आहे, कारण मीही पाहत असे. हा आकडा रोज पाहण्याइतका रोज बदलत नाही. एखाद्या रुग्णाचा ताप दर पाच मिनिटांनी मोजत बसले तर ताप उतरत नाही, रुग्णाची झोप तेवढी जाते.

जैवरसायनशास्त्रज्ञ कातालिन कारिको यांचे उदाहरण या संदर्भात हल्ली फार सांगितले जाते. १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांना खालच्या पदावर आणले गेले, पुढे कोविडच्या लसींना आधार ठरलेल्या त्यांच्या एमआरएनएवरील कामाला अनुदान मिळत नव्हते, आणि २०२३ मध्ये त्याच कामासाठी त्यांना ड्र्यू वाइसमन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. गोष्ट प्रेरणादायी आहे यात वाद नाही. परंतु ती ऐकवणाऱ्यांना मी एवढेच विचारेन की त्यांच्यासारख्याच ज्यांना खाली ढकलले गेले आणि ज्यांनी निमूटपणे क्षेत्र सोडले, त्यांची नोंद कुठे आहे? आमच्या विषयात ही चूक पहिल्याच वर्षी शिकवतात : जे टिकले त्यांच्यावरून सर्वांविषयी निष्कर्ष काढू नयेत. टिकलेल्यांनी दिलेला सगळा सल्ला, माझ्या या पत्रासह, याच चुकीच्या छायेत असतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता समतोलाविषयी. आपल्या लेखकाने ‘काम आणि घर यांचे पारडे समान ठेवा’ असे लिहिले आहे. मला ही तराजूची उपमा फसवी वाटते. उत्तरपत्रिका तपासायच्या आठवड्यात पारडे समान राहत नाही, अनुदानाच्या अर्जाच्या शेवटच्या दहा दिवसांत तर नाहीच, आणि रोज संध्याकाळी ते समान नाही म्हणून स्वतःला दोषी धरणे हा ताणात भर घालण्याचाच प्रकार आहे. वर्षाच्या हिशेबात ते कुठे येते ते पाहावे. मी मात्र एक गोष्ट सोडली नाही : आठवड्यातून तीनदा पोहणे. तरणतलावावर मला प्राध्यापक म्हणून कोणी ओळखत नव्हते. तिथल्या एका आजी मला दर वेळी ‘तुझा डावा हात अजून वाकडाच पडतो’ एवढेच सांगत. ज्या वर्षी माझ्या निबंधावर परीक्षकाने चार पानांची टीका लिहून पाठवली, त्या वर्षी हाताविषयीची ही टीका मला अत्यंत सुखावह वाटत असे.

मुलीच्या जन्माच्या वेळी मला कायमपदाच्या घड्याळाला एक वर्षाची स्थगिती मिळाली. ही सोय अनेक विद्यापीठांत आहे, आणि २०२० च्या महासाथीत ती कित्येक ठिकाणी सरसकट सर्वांना देण्यात आली. हेतू चांगलाच आहे. पण अमेरिकेतील अग्रगण्य अर्थशास्त्र विभागांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की, मूल झाल्यावर आई आणि वडील दोघांनाही सारखीच स्थगिती देण्याचे धोरण आले, तेव्हा तेथे कायमपद मिळवणाऱ्या पुरुषांचे प्रमाण वाढले आणि स्त्रियांचे घटले. मिळालेले वर्ष पुरुषांना प्रकाशनांसाठी अधिक वापरता आले, असे त्या अभ्यासातून दिसते. मला मिळालेल्या वर्षातील मोठा भाग तान्ह्या बाळाच्या झोपेच्या वेळापत्रकाने वाटून घेतला होता. पुढे समितीवर आल्यावर मी एका फाइलमध्ये बाहेरच्या तज्ज्ञाचे वाक्य वाचले : ‘सात वर्षांच्या मानाने प्रकाशने थोडी आहेत.’ त्या व्यक्तीची एका वर्षाची स्थगिती मंजूर झालेली होती आणि ते वर्ष हिशेबात धरू नये असे तज्ज्ञांना पाठवलेल्या पत्रात लिहिलेही होते, फक्त दुसऱ्या पानावर, तळाशी. त्यानंतर आम्ही ते वाक्य पहिल्या परिच्छेदात आणले. एवढ्याशा बदलासाठी तीन बैठका लागल्या.

संस्थांनी आणखी काय करावे, याची मोठी यादी करता येईल, पण मला दोनच गोष्टी आग्रहाने सांगायच्या आहेत. कायमपदासाठी काय अपेक्षित आहे हे लेखी आणि स्पष्ट असावे. ‘दर्जेदार आणि सातत्यपूर्ण संशोधन’ असल्या शब्दांनी कोणाचेच समाधान होत नाही, कारण त्यांचा अर्थ दर वर्षी समितीत कोण बसले आहे त्यावर ठरतो. निदान गेल्या काही वर्षांत ज्यांना होकार मिळाला त्यांच्या फायलींचे ढोबळ स्वरूप नव्या माणसाला दाखवावे. आणि दुसरे, पहिल्या तीन वर्षांत कोणाला किती समित्यांवर घेतले याची नोंद विभागप्रमुखाने ठेवावी आणि आढाव्याच्या पत्राला ती जोडावी. माझ्या पत्राला अशी नोंद जोडलेली असती तर ‘चिंताजनक’ हा शब्द लिहिणाऱ्याचा हात जरा तरी अडखळला असता.

घरच्यांसाठीही एक विनंती आहे. ‘झाले का तुझे पर्मनंट?’ हा प्रश्न प्रेमापोटीच विचारला जातो, पण ज्याला सहा वर्षे या प्रश्नाचे उत्तर माहीत नसते, त्याला तो दर फोनवर नव्याने बोचतो. त्याऐवजी ‘सध्या कशावर काम करतो आहेस?’ असे विचारून पाहावे. उत्तर समजले नाही तरी चालेल. माझे वडील असे विचारत, आणि त्यांना समजावे म्हणून बोलता बोलता दोनदा माझा मुद्दा मलाच नीट कळला होता.

ज्यांना नकार मिळतो त्यांच्याविषयी आपल्या लेखात एक शब्दही नाही, म्हणून थोडे लिहिते. माझ्याच बरोबर रुजू झालेल्या एका मित्राला कायमपद मिळाले नाही. त्याची प्रकाशने माझ्याहून फारशी कमी नव्हती. शेवटच्या वर्षी तो रोज वेळेवर येई, तास घेई आणि संध्याकाळी खोलीतली पुस्तके थोडी थोडी करून घरी नेई. एकदम सगळी नेली तर रिकामी खोली बघवणार नाही, असे तो म्हणाला होता. आज तो एका रुग्णालयासाठी औषधांच्या चाचण्यांचे विश्लेषण करतो आणि त्याच्या कामाचा परिणाम त्याला सहा महिन्यांत दिसतो. मला माझ्या कामाचा परिणाम अजून दिसायचा आहे. तो अपयशी ठरला, असे म्हणणारे लोक आहेत. मी त्यांच्याशी वाद घालायचे सोडून दिले आहे, पण सहमत नाही.

गेल्या महिन्यातली एक घटना सांगून थांबते. मी अध्यक्ष असलेल्या एका समितीवर येण्याची विनंती मी एका नव्या सहकारी प्राध्यापिकेला केली होती. दोन दिवसांनी तिचे उत्तर आले : ‘मॅडम, या सत्रात मला जमणार नाही. सकाळचा वेळ निबंधासाठी राखून ठेवला आहे आणि दुपारी तास आहेत.’ खरे सांगते, क्षणभर मला राग आला. ‘आमच्या वेळी’ अशी सुरुवात होणारे एक वाक्य मनात तयारही झाले होते. मग मी तिला ‘ठीक आहे’ एवढेच कळवले आणि तिच्याऐवजी कायमपद मिळालेल्या चार जणांना विचारले. चौघांनाही फार काम होते. समितीचा तो अहवाल अखेर मीच लिहिला, दुपारी.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक प्राध्यापिका